शुश्रूषेतला ऱ्हस्व-दीर्घ

सोलापुरात सात रस्त्याला नवखा माणूस उभा राहिला की त्याची मती गुंग होते. रस्ते चहूबाजूंनी येऊन मिळतात, रिक्षावाले हाका घालतात आणि 'स्टेशनकडे कोणती वाट?' असे दोघांना विचारावे तर दोघे दोन दिशांना हात करतात. चुकलो तर काय होते? पायपीट होते, फार तर गाडी चुकते. परत फिरून पुन्हा चौकात येता येते.

गेल्या महिन्यात मी तिथे माझ्या पुतणीची वाट पाहत थांबलो होतो. आमचे गाव मंगळवेढा तालुक्यात, काळ्या रानाचे आणि ज्वारीचे. पोरगी सोलापुरात नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या आईने दिलेल्या शेंगाचटणीचा डबा आणि कडक भाकरीचे गाठोडे पोचवायचे होते. तिची ड्यूटी सुटायला वेळ होता, म्हणून आजूबाजूच्या पाट्या वाचत हिंडलो. त्या भागात दवाखान्यांना आणि औषधांच्या दुकानांना तोटा नाही. अर्ध्या तासात मला एकच शब्द तीन तऱ्हांनी लिहिलेला दिसला: 'सुश्रुषा', 'शुश्रुषा' आणि 'शुश्रुशा'. 'प्रसुतीगृह' तर जिकडेतिकडे. बरोबर लिहिलेला 'शुश्रूषा' काही सापडला नाही. पहिला शु ऱ्हस्व, दुसरा श्रू दीर्घ, शेवटी पोटफोड्या ष. मी काही मास्तर नव्हे, पण जुन्या सातवीपर्यंत शिकलेल्या माझ्या वडिलांनी हा शब्द पाटीवर दहादा गिरवून घेतला होता, तो हाताला अजून आठवतो.

पुतणी आली तेव्हा मी तिला ही गंमत सांगितली. ती हसली आणि म्हणाली, "काका, पाटी चुकली तर पेशंट दगावत नाही. केस पेपर चुकला तर दगावतो."

आम्ही चहाला बसलो आणि बोलणे तिथून जे सुरू झाले ते डबा थंड होईपर्यंत चालले. त्यातले बरेचसे आपल्या घरातल्या लेकीसुनांच्या आणि आपल्या स्वतःच्याही कामाचे आहे, म्हणून इथे मांडतो.

खेड्यातली पुष्कळ मुले-मुली आज नर्सिंगकडे जातात. बारावीनंतर दोन वर्षांचा ए.एन.एम., तीन वर्षांचा जी.एन.एम., चार वर्षांचा बी.एस्सी. नर्सिंग असे मार्ग आहेत. घरच्यांची समजूत अशी की मुलीला रक्त पाहून चक्कर येत नसली आणि रात्रपाळी झेपत असली की झाले. लिहिण्यावाचण्याचे काम डॉक्टरांचे. पुतणी म्हणते, वस्तुस्थिती उलटी आहे. डॉक्टर दिवसातून एकदा-दोनदा येऊन चार ओळी लिहून जातात. त्या चार ओळी वाचायच्या, समजून घ्यायच्या, त्याप्रमाणे करायचे आणि केलेले पुन्हा लिहून ठेवायचे हे चोवीस तासांचे काम सिस्टरांचे. ताप किती, नाडी किती, लघवी किती झाली, सलाईन किती वाजता लावले, कोणते इंजेक्शन कोणी दिले, उलटी झाली तर कशी झाली. पाळी बदलताना एक सिस्टर दुसरीला 'ओव्हर' देते. ओव्हर म्हणजे रोगी हवाली करणे. बोलून सांगतातच, पण पहाटे तीन वाजता दुसरीला शंका आली तर पहिली घरी झोपलेली असते. तेव्हा कागद बोलतो. तो तोतरा असला तर रोग्याचे हाल.

त्यांच्या शिकवणीत एक वाक्य घोकून घेतात म्हणे: जे लिहिले नाही ते केले नाही. आणि चुकले तर खोडरबर नाही, पांढरा रंग फासणे नाही. चुकलेल्या शब्दावर एकच रेघ, तो वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर शब्द आणि सही. तलाठ्याच्या दप्तराला असते तशीच शिस्त.

आता शब्दांच्या चुकीने होते काय? हायपो आणि हायपर हे दोन उपसर्ग घ्या. हायपो म्हणजे कमी, हायपर म्हणजे जास्त. इंग्रजीत लिहिताना शेवटी अक्षराचा काय तो फरक. पण रक्तातली साखर कमी झालेल्या माणसाला ताबडतोब साखर द्यावी लागते आणि फार वाढलेल्याला इन्शुलिन लागते. कमीच्या जागी जास्त लिहिले गेले आणि साखर उतरलेल्या माणसाला कोणी इन्शुलिन टोचले तर तो शुद्धीवर यायचा नाही. दुसरे उदाहरण 'इलियम'. कानाला एकच शब्द, पण इंग्रजीत मधले अक्षर 'ई' असले तर लहान आतड्याचा शेवटचा भाग आणि 'आय' असले तर कमरेचे हाड. मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांच्या लघुरूपांत एकाच अक्षराचा फरक आहे, मापात मात्र हजारपटीचा. इन्शुलिनचे 'युनिट' लिहिताना नुसता इंग्रजी 'यू' घातला आणि तो वरून जुळला की त्याचे शून्य होते. दहा युनिट शंभर दिसू लागतात. म्हणून आता 'युनिट' हा शब्द पुरा लिहावा असे शिकवतात.

आपल्याकडची एक खरी हकिकत आहे, ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १९९३ सालच्या डिसेंबरात दिल्लीकडच्या एका खाजगी रुग्णालयात एका लहान मुलाला विषमज्वर म्हणून दाखल केले होते. डॉक्टरांनी लिहिले होते क्लोरॅम्फेनिकॉल, हे विषमज्वरावरचे औषध. नर्सने वाचले क्लोरोक्विन, ते हिवतापावरचे. दोन्ही नावांचा आरंभ सारखा, पुढचे कोणी नीट वाचले नाही. तिने मुलाच्या बापाला इंजेक्शन आणायला सांगितले, बापाने दुकानातून स्वतःच्या हाताने आणून दिले आणि ते शिरेतून टोचताच मूल जागच्या जागी कोसळले. जीव वाचला, पण मेंदूला अशी इजा झाली की ते मूल जन्माचे अंथरुणाला खिळले. १९९८ साली न्यायालयाने मुलाला साडेबारा लाख आणि आईबापांना पाच लाख भरपाई कायम केली. ती नर्स कोणत्याही राज्याच्या परिषदेकडे नोंदलेली नव्हती हेही त्या खटल्यात बाहेर आले. त्या बापाचा विचार माझ्या मनातून जात नाही. औषध आणायला तो धावतच गेला असेल.

मराठी माणसाला हे काही परके नाही. 'ध'चा 'मा' आपण लहानपणापासून ऐकत आलो. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि 'धरावे'चे 'मारावे' कोणी केले याची दंतकथा घराघरांत गेली. इतिहासकार त्यावर वाद घालतात, तो त्यांचा प्रश्न. पण एक अक्षर माणूस मारू शकते हे आपल्या लोकांना पटलेले आहे. फरक इतकाच की त्या गोष्टीत अक्षर मुद्दाम बदलले होते. दवाखान्यात ते थकव्याने, घाईने आणि न विचारता बदलते.

कोणी म्हणेल, आता संगणक आला, अक्षराची भीती संपली. तसे नाही. अमेरिकेत नॅशव्हिल शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात २०१७ साली एका नर्सने औषधाच्या यंत्री कपाटावर नावाची पहिली दोन अक्षरे दाबली. तिला हवे होते मन शांत करणारे औषध. त्याच दोन अक्षरांनी सुरू होणारे दुसरे औषध कपाटाने पुढे केले, ते स्नायू लुळे पाडून श्वास थांबवणारे. बाटलीवरचे नाव तिने पुरते वाचले नाही. पंचाहत्तर वर्षांची बाई दगावली आणि २०२२ साली त्या नर्सला न्यायालयाने दोषी ठरवले. यंत्राने शुद्धलेखन बरोबर केले होते, वाचणारा चुकला.

आणि दोष काय नेहमी सिस्टरांचाच असतो? डॉक्टरांचे अक्षर हा तर आपल्याकडे विनोदाचा विषय. मला तो विनोद फारसा आवडत नाही. कोंबडीचे पाय उमटल्यासारखे लिहायचे, मग वाचणाऱ्याने चुकले की त्याला झोडायचे, हा न्याय नव्हे. २०१६ साली भारतीय वैद्यक परिषदेने नियमात दुरुस्ती केली की औषधाचे मूळ नाव वाचता येईल असे आणि शक्यतो इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहावे. २०२५ साली पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने तर वाचता येईल अशी चिठ्ठी मिळणे हा रोग्याच्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. पण नियम कागदावर आणि वॉर्डात काय ते वॉर्डात. पहिल्या वर्षी पुतणीला एका ठिकाणी शिकाऊ म्हणून पाठवले होते. तिथे तिने एका डॉक्टरांना विचारले, "सर, हे नाव मला वाचता येईना." ते सगळ्यांदेखत म्हणाले, "मराठी मीडियम का?" ती त्या रात्री जेवली नाही. मी तिला म्हटले, तू विचारलेस हे बरोबर केलेस, आणि पुढेही विचार. वाचता आले नाही तर अंदाजाने टोचणारीपेक्षा बोलणी खाऊन विचारणारी पोरगी कोणत्याही रोग्याच्या आईला आवडेल.

मराठी माध्यमाचे म्हणाल तर त्यावर तिने स्वतःच तोड काढली. तिच्या सिस्टर ट्यूटर वही तपासताना लाल शाईने शब्द गोल करून परत देतात, पण त्यांनीच तिला सांगितले की इंग्रजी वैद्यकी शब्द पाठ करू नकोस, फोडून बघ. शब्दाच्या शेवटी 'आयटिस' आले की त्या जागेचा दाह. टॉन्सिलायटिस, अपेंडिसायटिस. जठराचे तीन शब्द घ्या: गॅस्ट्रॉटॉमी म्हणजे जठराला छेद देणे, गॅस्ट्रॉस्टॉमी म्हणजे जठराला बाहेरून तोंड करणे, गॅस्ट्रेक्टॉमी म्हणजे जठर किंवा त्याचा भाग काढून टाकणे. घाईत तिन्ही सारखेच वाटतात. पण 'घरात', 'घरातून' आणि 'घरावर' यांतला फरक आपल्या पोराला कोणी शिकवावा लागत नाही, तसाच हा प्रत्ययांचा मामला. तिने शंभर पानी वही केली आहे. रोज पाच शब्द, डावीकडे इंग्रजी, मध्ये फोड, उजवीकडे मराठी अर्थ. ती वही मला दाखवताना तिच्या तोंडावर जो भाव होता तो आमच्या बैलाने पहिली शर्यत जिंकली तेव्हा माझ्या भावाच्या तोंडावर होता.

अक्षरओळख उशिरा झाली म्हणून कोणाचे अडत नाही. महाराष्ट्रात घरंदाज मुलींना परिचारिकेच्या शिक्षणाकडे वळवण्याची खटपट ज्यांनी केली त्या रमाबाई रानडे १८७३ साली लग्न होऊन सासरी आल्या तेव्हा अकरा वर्षांच्या होत्या आणि त्यांना लिहितावाचता येत नव्हते. न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांना घरी शिकवले, तेही घरातल्या बायकांचा रोष पत्करून. त्याच रमाबाईंनी पुण्यात १९०९ साली सेवासदन काढले आणि ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घ्यायला मुली पाठवल्या. सोलापुरातही सेवासदनची शाळा आहे. आणि सोलापूरचेच डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ साली ते चीनला गेले, तेव्हा त्यांना तिथली भाषा येत नव्हती. तिथे जखमी सैनिकांची सेवा करता करता ते चिनी इतकी शिकले की त्याच भाषेत विद्यार्थ्यांना शिकवू लागले. त्यांची पत्नी ग्वो छिंगलान ही परिचारिकाच. १९४२ साली वयाच्या बत्तिसाव्या वर्षी डॉक्टर गेले. एकेका रेघेने अर्थ बदलणारी ती लिपी त्यांनी विशी उलटल्यावर आत्मसात केली, मग आमच्या पोरींना इंग्रजीची सव्वीस अक्षरे जड का व्हावीत?

इथवर इंग्रजीचे झाले. पण गावात येणाऱ्या नर्सबाईंचे काम बहुतेक मराठीत चालते, आणि शुद्ध मराठीची गरज तिथे अधिक आहे असे माझे मत झाले. उपकेंद्राची नोंदवही, गरोदर बाईचे कार्ड, लसीची तारीख, घरी द्यायची चिठ्ठी हे सारे मराठीत. 'शिर' म्हणजे डोके आणि 'शीर' म्हणजे रक्तवाहिनी. 'शिराला सूज' आणि 'शिरेला सूज' यांत एका मात्रेने दुखणे डोक्यातून पायात येते. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली शुद्धलेखनाचे चौदा नियम केले आणि १९७२ साली आणखी चार घातले. शाळेत आपण त्यांना गुणांसाठी घोकले. त्यांचा असाही उपयोग असेल हे तेव्हा कोणी सांगितले नाही.

व्याकरणाचे तर विचारूच नका. मराठीत 'नाही' वाक्याच्या अगदी शेवटी येतो. 'या बाईला पेनिसिलीन चालत' इथे ओळ संपली आणि 'नाही' पान उलटल्यावर गेला किंवा लिहायचाच राहिला, की झाला घोटाळा. म्हणून न चालणारे औषध केस पेपरच्या अगदी वर, लाल शाईत, सुटे लिहायचे असा रिवाज आहे. काळाचेही तसेच. 'इंजेक्शन दिले' आणि 'इंजेक्शन द्यायचे' यांत एक क्रियापद सांभाळायचे आहे. द्यायच्या आधीच 'दिले' लिहून ठेवले आणि मध्येच दुसऱ्या खाटेकडे धावावे लागले, तर पुढच्या पाळीची सिस्टर ते दिलेच असे समजणार. उलट देऊनही 'द्यायचे' राहिले तर रोग्याला ते दोनदा मिळणार. सर्वनामांचा गोंधळ मला पुतणीनेच दाखवला. 'आईने सांगितले की तिला पूर्वी झटके येत होते.' तिला म्हणजे कोणाला, आईला की लेकीला? ट्यूटरनी वहीत लाल शाईने एवढेच विचारले होते, 'कोणाला?'

अंकांची एक गोष्ट गावोगाव घडण्यासारखी आहे. आपला मराठी १ आणि इंग्रजी नऊ हे दिसायला भाऊ-भाऊ. आपला ४ आणि इंग्रजी आठ तसेच. एकाच चिठ्ठीवर निम्मे आकडे मराठी आणि निम्मे इंग्रजी असले की वाचणाऱ्याने कोणते डोळे लावावेत? एका चिठ्ठीत एकाच लिपीचे आकडे, आणि जमेल तिथे अक्षरांत. 'अर्धी गोळी' हे आकड्यांत लिहिले तर १/२ होते, आणि ते 'एक-दोन गोळ्या' असे वाचणारे आजोबा आमच्याच आळीत आहेत. दिवसाआड, दिवसातून, आठवड्यातून हे शब्दही जपून वापरायचे. संधिवातावर मेथोट्रेक्झेट नावाची गोळी देतात, ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती रोज घेतल्याने रक्तातल्या पेशी कमी होऊन माणसे दगावल्याचे प्रकार देशोदेशी झाले आहेत. म्हणून शहाणी सिस्टर 'फक्त सोमवारी' असा वारच लिहून देते, कारण आपल्या माणसाला आठवडा कळतो तो बाजाराच्या वारावरून.

आता आपल्या बाजूचे थोडे. सिस्टरने बरोबर लिहावे म्हणतो, पण आपण सांगतो काय? फवारताना चक्कर येऊन पडलेल्या गड्याला घेऊन जातो आणि 'औषध लागले' एवढेच सांगतो. कोणते? 'पांढऱ्या डब्यातले.' २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. एका जातीच्या विषावर जो उतारा चालतो तो दुसरीवर चालत नाही. 'उंदराचे औषध' या एका नावाखाली निदान दोन वेगळी विषे घरात असतात. झिंक फॉस्फाइडची काळी पूड काही तासांतच जिवावर उठते, तर ब्रोमाडिओलोनने रक्त गोठायचे थांबते आणि त्याचा रक्तस्राव दोन-चार दिवसांनी दिसू लागतो. सिस्टरने केस पेपरवर 'उंदराचे औषध' लिहिले तर चूक तिची की आपली? डबा, बाटली, फाटका का होईना पण कागद बरोबर न्यावा. आपल्याला नाव उच्चारता येत नसले तरी तिला ते पाहून उतरवता येते. साप चावला तर चावल्याची वेळ सांगावी, 'मघाशी' सांगू नये.

नावांचे प्रकरण तर सोलापुरात फार नाजूक. इथे मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू बोलणारी माणसे एकाच वॉर्डात शेजारशेजारच्या खाटांवर असतात. अक्कलकोटकडची बाई कानडीत सांगते, विडी कामगार वस्तीतली तेलुगूत, आणि लिहिणारी मराठीत ऐकते. सिद्राम आणि सिद्धाराम ही दोन्ही नावे इथे घरोघरी. महादेवी या बाईच्या नावातली एक वेलांटी गळाली की महादेव होतो, म्हणजे बाईचा पुरुषच झाला. काळे आणि काले इंग्रजीत एकच दिसतात. एकाच वॉर्डात दोन सिद्राम आले तर रक्त एकाचे आणि बाटली दुसऱ्याची, असे होऊ नये म्हणून नावाबरोबर बापाचे नाव, गाव आणि नोंदणी क्रमांक पाहायचा असतो. म्हणून सिस्टर इंजेक्शनच्या आधी दर वेळी 'नाव काय?' विचारते तेव्हा वैतागू नये. काल विचारले होते, आज पुन्हा विचारते, ते बरोबरच आहे.

याच नावाचा दुसरा फेरा घरी आल्यावर सुरू होतो. दवाखान्यात बाळ जन्मले की जन्माची माहिती तिथूनच निबंधकाकडे जाते, एकवीस दिवसांत. सिस्टरने वा कारकुनाने आईचे नाव 'सुनीता'ऐवजी 'सुनंदा' लिहिले की दाखल्यावर सुनंदा येते, मग शाळेत, मग आधारला. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना तर जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच एक दाखला धरला जातो. बाळाचे नाव ठरले नसेल तर घाई करू नये. बारा महिन्यांच्या आत ते फी न देता घालता येते, पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. चूक झालीच तर दुरुस्तीची सोय कायद्यात आहे, पण तिच्या मागे किती खेपा होतात ते ज्याने घातल्या त्याला ठाऊक. आमच्या शेजारच्या घरी हीच कथा उलट्या टोकाची झाली. कर्ता माणूस साप चावून गेला. सातबाऱ्यावर एक नाव, दवाखान्याच्या कागदावर दुसरे, मृत्यूच्या दाखल्यावर तिसरे. शेतकरी अपघात अनुदानाचा अर्ज करायचा तर तो हाच माणूस हे सिद्ध करण्यात त्या विधवेचा एक हंगाम गेला. घरचे कोणी दवाखान्यातून निघण्याआधी कागद वाचून पाहिले असते तर? पण त्या वेळी कोणाचे डोळे कोरडे होते?

पुतणीला मी विचारले, हे सारे डोक्यात ठेवून तू काम करतेस तरी कशी, भीती वाटत नाही? ती म्हणाली, भीती वाटते म्हणूनच औषधाचे नाव तीनदा वाचते. कपाटातून काढताना, भरण्याआधी आणि ठेवून देताना. मग तिने सहज एक नवी गोष्ट सांगितली. त्यांच्या वर्गात शिकवले होते की 'शुश्रूषा' या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ सेवा नव्हेच. 'श्रु' म्हणजे ऐकणे, आणि शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा. समोरच्याचे नीट ऐकून घ्यायची ओढ, त्यातून पुढे सेवा हा अर्थ आला.

मला हे फार आवडले. विसरू नये म्हणून खिशातली डायरी काढून तिथेच टेबलावर लिहून घेतले. तिने चहाचा पेला बाजूला सारून वाकून पाहिले, माझ्या हातातले पेन घेतले आणि 'शुश्रुषा'तल्या श्रुचा उकार मुकाट्याने दीर्घ केला. मग रीतीप्रमाणे चुकलेल्या शब्दाशेजारी बारीक अक्षरात सहीही ठोकली आणि डबा उचलून ड्यूटीवर गेली.